मुलामुलांतील भेद आणि आपल्या शाळा

‘व्यक्तिभेद’ हा शब्द मानसशास्त्राच्या ग्रंथातला असला, तरी त्याचा अनुभव घरोघरचा आहे. एकाच आईची दोन लेकरे. एक दहाव्या महिन्यात पाऊल टाकते, दुसरे सव्वा वर्षाचे झाले तरी रांगत असते. एक लवकर बोलू लागते, दुसरे दोन वर्षे नुसते ऐकत राहते आणि मग एकदम बोलू लागते. आई याचा बाऊ करीत नाही. जो रांगतो त्याच्यासाठी ती उंबऱ्याशी पाट आडवा लावते आणि जो धावतो त्याच्यामागे धावते. पण हीच दोन लेकरे सहा वर्षांची होऊन शाळेत गेली, की आपण सारेजण, पालक काय आणि शिक्षक काय, अशी अपेक्षा धरू लागतो की आता त्यांनी एकाच दिवशी एकच धडा एकाच वेगाने शिकावा. जे मूल त्या वेगाने शिकते ते हुशार, जे शिकत नाही ते ‘ढ’. शाळेने मुलामुलांतील या भेदाचे करावयाचे काय, हा प्रश्न आज आपल्यापुढे आहे; आणि त्याचा विचार आपण प्रामुख्याने आपल्याच शिरूर-दौंड भागातील उदाहरणांनी करणार आहो.

प्रथम हे भेद कोणते ते नीट पाहू; कारण ‘मुलाला डोके नाही’ असे म्हणून आपण जे एका शब्दात उरकतो, त्याच्या पोटात निरनिराळ्या गोष्टी दडलेल्या असतात. पहिला भेद वयाचा. पहिलीच्या वर्गात नुकतेच सहावे पूर्ण केलेले एक मूल आणि सातव्याच्या उंबरठ्यावर आलेले दुसरे मूल शेजारी शेजारी बसतात. अंतर दहा-अकरा महिन्यांचेच. पण सहा वर्षांच्या आयुष्यात अकरा महिने म्हणजे जवळजवळ सहावा-सातवा हिस्सा झाला. पंचेचाळीस वर्षांच्या माणसाला तेवढ्याच प्रमाणात सात वर्षे जास्त दिल्यासारखे ते आहे. दुसरा भेद इंद्रियांचा. ज्याला फळ्यावरचे दिसत नाही ते मूल आपल्याला दिसत नाही असे सांगत नाही. कारण दिसणे म्हणजे किती दिसणे हे त्याला ठाऊकच नसते. कमी ऐकू येणाऱ्या मुलाचेही तसेच. अशा मुलांना आपण वर्षानुवर्षे लक्ष नसलेली मुले समजत आलो.

तिसरा भेद भाषेचा, आणि आपल्या भागात तो विशेष आहे. दौंड हे रेल्वेचे जंक्शन. तेथे नोकरीच्या निमित्ताने नाना प्रांतांची कुटुंबे आली. रांजणगाव, सणसवाडी, शिक्रापूर या कारखानदारीच्या पट्ट्यात उत्तरेकडून आलेल्या कामगारांची मुले मराठी शाळेत दाखल होतात. त्यांच्या घरी हिंदी नाही तर भोजपुरी बोलतात. पारध्याच्या मुलाच्या घरची बोली वेगळी, आणि मराठवाड्यातून आलेल्या मुलाची मराठीदेखील पुस्तकातल्या मराठीपेक्षा वेगळी. असे मूल गप्प बसते तेव्हा त्याला विषय कळलेला नसतो असे नव्हे; पुष्कळदा त्याला प्रश्नच कळलेला नसतो. चौथा भेद हजेरीचा. ऊसतोडीचा हंगाम दिवाळीच्या सुमारास सुरू होतो आणि उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत चालतो. बीड, अहिल्यानगर या जिल्ह्यांतून कोयता घेऊन आलेल्या कुटुंबांची मुले दौंड-शिरूरच्या फडांवर त्या काळात राहतात. मेंढपाळांची मुले कळपामागे हिंडतात. वर्षाचे पाच महिने ज्याची शाळा सुटली, त्याचा आणि रोज हजर असणाऱ्याचा धडा एकच कसा असेल?

पाचवा भेद शिकण्याच्या गतीचा आणि काही मुलांच्या बाबतीत विशिष्ट अडचणीचा. बोलण्यात चुणचुणीत, हिशेबात तरतरीत, यंत्राशी खेळण्यात तरबेज असे एखादे मूल वाचावयास बसले की ‘भ’ आणि ‘म’, ‘घ’ आणि ‘ध’ यांत घोटाळते; वेलांटी उलटी देते; जोडाक्षरापाशी अडून बसते. यास वाचनाक्षमता किंवा डिस्लेक्सिया म्हणतात. ही बुद्धीची उणीव नव्हे आणि आळसही नव्हे. दिसलेल्या अक्षराची आणि कानावर पडलेल्या ध्वनीची सांगड घालण्याचे मेंदूचे काम त्या मुलात वेगळ्या रीतीने चालते, एवढेच. २००७ साली आलेल्या ‘तारे जमीं पर’ या चित्रपटाने ही गोष्ट घराघरांत नेली. पण चित्रपट पाहून डोळे पुसणारे आपण दुसऱ्या दिवशी आपल्याच मुलाची वही पाहून त्याच्यावर ओरडलो नाही काय?

आता ‘ढ’ या अक्षराकडेच जरा पाहू. मंदबुद्धी मुलास ढ का म्हणतात, याचे एक कारण असे सांगितले जाते की अशोकाच्या ब्राह्मी लिपीपासून आजच्या देवनागरीपर्यंत बाकीची अक्षरे बदलत गेली, पण ढ मात्र जवळजवळ जसाच्या तसा राहिला. म्हणजे ज्याच्यात काही फरक पडत नाही तो ढ! व्युत्पत्ती खरी असो वा नसो, त्यामागची समजूत मात्र आपल्या मनात घट्ट बसली आहे: बुद्धी ही जन्मतः मिळालेली ठेव, तीत काही कमी-जास्त व्हावयाचे नाही. ही समजूत शास्त्राला कितपत मान्य आहे?

बुद्धिमापनाचे आद्य प्रवर्तक आल्फ्रेड बिने यांनी १९०५ साली पॅरिसमध्ये आपली पहिली कसोटी तयार केली. तिचा हेतू मुलांवर शिक्के मारण्याचा नव्हता. नेहमीच्या वर्गात ज्यांना जमत नाही अशी मुले ओळखून त्यांना योग्य ती मदत द्यावी, हा होता. बुद्धी अचल आहे, हे मत बिने यांनी स्वतःच आग्रहाने खोडून काढले होते. त्यांची कसोटी पुढे धारवाडच्या डॉ. वि. वि. कामत यांनी मराठी आणि कानडी मुलांसाठी बेतली; त्यांचा या विषयावरील ग्रंथ १९४० साली प्रसिद्ध झाला. कसोटी आपल्याकडे आली खरी. परंतु बिने यांचा इशारा मात्र वाटेत कोठे तरी गळून पडला. मदतीसाठी केलेले मोजमाप आपण मूल वगळण्यासाठी वापरू लागलो.

दुसरा विचार अमेरिकेतील जॉन कॅरल यांचा. त्यांनी १९६३ साली एक साधी पण मूलगामी गोष्ट मांडली. एखाद्या मुलाची पात्रता म्हणजे काय, तर अमुक एक गोष्ट नीट शिकावयास त्याला लागणारा वेळ. एकाला भागाकार चार दिवसांत येतो, दुसऱ्याला बारा दिवस लागतात. शाळा सर्वांना सहाच दिवस देते. सहा दिवस संपले, घंटा झाली, पुढचा धडा सुरू झाला. ज्याला बारा दिवस हवे होते त्याचा भागाकार अर्ध्यावरच राहिला. त्यावर अपूर्णांक आले, त्यावर शेकडेवारी आली. पाया खचला आणि वरचे मजले चढतच राहिले. सहावी-सातवीत आपण म्हणतो, याला गणितात गतीच नाही. वस्तुतः तिसरीत त्याला सहा दिवस कमी मिळाले होते. शाळेने वेळ ठरवून ठेवला आणि शिकणे कमी-जास्त होऊ दिले. याच्या उलट शिकणे ठरवून वेळ कमी-जास्त होऊ दिला तर बहुतेक सारी मुले बहुतेक सारे काही शिकू शकतात, अशी या विचाराची पुढची पायरी बेंजामिन ब्लूम यांनी १९६८ मध्ये मांडली.

येथे एका लोकप्रिय भ्रमाचाही समाचार घेतला पाहिजे. काही मुले पाहून शिकणारी, काही ऐकून शिकणारी, काही हाताळून शिकणारी. तेव्हा प्रत्येकाला त्याच्या जातीप्रमाणे शिकवावे, असे अलीकडे शिबिरांतून सर्रास सांगतात. ऐकावयास हे गोड वाटते. परंतु २००८ साली अमेरिकेतील चार मानसशास्त्रज्ञांनी या विषयावरील संशोधनाचा झाडा घेतला, तेव्हा अशी जुळणी केल्याने मुले अधिक शिकतात असा भक्कम पुरावा त्यांस मिळाला नाही. मुलांना आवडीनिवडी असतात हे खरे. पण नकाशा हा पाहूनच शिकावयाचा, गाणे ऐकूनच शिकावयाचे आणि सुतारकाम हाताने करूनच शिकावयाचे असते. तेव्हा मुलांच्या नव्या जाती पाडू नयेत. मुळात आपल्याकडे जातींचा तुटवडा नाही! भेद मोजावयाचा तो एवढाच: याला आज काय येते, पुढची पायरी कोणती, आणि ती चढावयास किती वेळ व कोणती मदत लागेल?

वयावर बेतलेला वर्ग ही सृष्टिक्रमातली गोष्ट नव्हे, हेही ध्यानात ठेवावे. आपल्याकडील पंतोजीच्या शाळेत वर्ग नव्हतेच. धूळपाटीवर मुळाक्षरे गिरविणारा आणि मोडी कागद वाचणारा एकाच ओसरीवर बसत. प्रत्येकजण आपापल्या ठिकाणापासून पुढे जाई, आणि मोठी मुले लहानांना सांगत. मद्रासेकडील अशीच रीत पाहून अँड्र्यू बेल या स्कॉटिश धर्मोपदेशकाने ती अठराव्या शतकाच्या अखेरीस विलायतेस नेली आणि तेथे तिचा मोठा गाजावाजा झाला. अर्थात् पंतोजीच्या शाळेचे गोडवे गाण्याचेही कारण नाही. तेथे छडी होती, घोकंपट्टी होती, आणि मुली व अस्पृश्य मानलेल्या जातींची मुले तर दाराबाहेरच होती. १८५४ च्या वुडच्या खलित्यानंतर मुंबई इलाख्यात सरकारी शिक्षणखाते आले. इयत्ता, ठराविक पुस्तके, तपासणी, परीक्षा ही चौकट पक्की झाली. दार निदान कायद्याने अधिक रुंद झाले. पण आत आलेल्या सर्वांनी एका रांगेत, एका पावलाने चालावे, अशी शिस्तही तिच्याबरोबर आली. दार रुंद आणि वाट अरुंद, असा हा प्रकार झाला.

या अरुंद वाटेला आपल्याच भागात काय काय उत्तरे दिली गेली, ती आता पाहू. पहिले उत्तर दौंड तालुक्यातील केडगावचे. पंडिता रमाबाई १८८६ मध्ये अमेरिकेस गेल्या. तेथे त्यांनी फ्रोबेलच्या बालोद्यान पद्धतीचा अभ्यास केला. १८८९ साली त्यांनी मुंबईस शारदासदन काढले, पुढच्या वर्षी ते पुण्यास आणले. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्यप्रांतातून त्यांनी शेकडो निराधार मुली व बाया आणल्या आणि केडगावी मुक्तिसदनाचा विस्तार झाला. १९०० च्या दुष्काळानंतर तेथील वस्ती दीड-दोन हजारांच्या घरात गेली. त्यांच्या धर्मांतरामुळे आणि धर्मप्रसारामुळे महाराष्ट्रात मोठे वादळ उठले, त्याचा निवाडा हा आजचा विषय नव्हे. शिक्षणाच्या दृष्टीने पाहिले तर त्यांच्यापुढे कसला वर्ग होता? कोणी सहा वर्षांची, कोणी तिशीची. कोणाची बोली मराठी, कोणाची हिंदी, कोणाची गुजराती. कोणी उपासमारीने खंगलेली, कोणी आंधळी. यांना एका रांगेत बसविणे शक्यच नव्हते. तेथे वाचन-लेखनाच्या जोडीस छापखाना होता, विणकाम होते, शिवण होते, शेती आणि गोठा होता. आंधळ्या मुलींसाठी वेगळा विभाग होता. रमाबाईंच्या कन्या मनोरमाबाई यांनी ब्रेल लिपी आत्मसात करून ती तेथे शिकविली. आधी शिकून तयार झालेल्या मुलींनी नव्या मुलींना हाती घेतले. ‘हिला येत नाही’ असे म्हणून परत पाठविण्याची सोयच नव्हती. कारण परत पाठवावयाचे कोठे? ज्या शाळेला मूल परत पाठविता येत नाही, तिला शिकविण्याची रीत शोधावीच लागते. केडगावचा हा धडा आहे.

दुसरे उत्तर निवडीचे. १९८६ च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातून नवोदय विद्यालये निघाली. पुणे जिल्ह्याचे नवोदय आपल्या शिरूर तालुक्यातच, पिंपळे जगताप येथे आहे. पाचवीतील मुलांची परीक्षा घेऊन सहावीत प्रवेश द्यावयाचा, किमान पंचाहत्तर टक्के जागा ग्रामीण मुलांस राखावयाच्या आणि राहण्याजेवण्यासह विनामूल्य शिकवावयाचे, अशी ही योजना. पुण्यात ज्ञान प्रबोधिनीने १९६२ पासून बुद्धिमान मुलांच्या शिक्षणाचा जो प्रयोग केला, तोही याच दिशेचा. खेड्यातील एखाद्या शेतमजुराच्या मुलीला तिच्या बुद्धीजोगे शिक्षण मिळावे, यात वावगे काहीच नाही. वेगाने शिकणाऱ्या मुलाचे वर्गात कुजणे हाही अन्यायच आहे. पण निवडीच्या उत्तराची मर्यादा उघड आहे. निवडलेल्यांची सोय झाली. न निवडलेल्यांचे काय? शिवाय अकराव्या वर्षी एका दिवसाच्या परीक्षेत जे दिसते, त्यात बुद्धीबरोबर शिकवणी, घरची भाषा आणि पालकांची सवड यांचाही वाटा असतो. निवडीची शाळा असावी. पण तिच्याकडे पाहून बाकीच्या शाळांनी आपली जबाबदारी संपली असे समजू नये.

तिसरे उत्तर मुलांनीच दिलेले आहे. शिक्रापूरजवळच्या वाबळेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे नाव गेल्या दशकात सर्वदूर झाले. गावकऱ्यांनी जमीन दिली, काचेच्या भिंतींचे वर्ग उभे राहिले, आणि खाजगी शाळांकडे जाणारी पावले सरकारी शाळेकडे वळली. तिच्या इमारतीची छायाचित्रे पुष्कळांनी पाहिली असतील. परंतु काचेपेक्षा महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे, आणि ती शेजारच्या खेड तालुक्यातील जालिंदरनगरच्या जिल्हा परिषद शाळेने अधिक स्पष्ट केली. तेथील ‘विषयमित्र’ पद्धतीत निरनिराळ्या वयांची मुले एकमेकांना शिकवितात. २०२५ साली जगातील उत्कृष्ट शाळांसाठी असलेल्या पारितोषिकांपैकी लोकपसंतीचे पारितोषिक या लहानशा शाळेस मिळाले. पंतोजीच्या ओसरीवरची जुनी रीत, दार सर्वांना उघडे करून आणि छडी टाकून देऊन, पुन्हा शाळेत आली असे म्हणावयास हरकत नाही. शिकविणाऱ्या मुलाचाही यात तोटा नसतो. दुसऱ्याला समजावून सांगताना आपल्याला काय कळले आणि काय नुसते पाठ झाले, याचा त्याला पक्का उलगडा होतो.

येथे वाड्यावस्त्यांवरच्या द्विशिक्षकी शाळांकडे नव्या नजरेने पाहावेसे वाटते. दोन शिक्षक आणि चार-पाच इयत्ता, हे आपल्याला दैन्य वाटते. आणि शिक्षक कमी नेमण्याचे समर्थन त्यातून कोणी करू नये. परंतु वयांची सरमिसळ हा स्वतः दोष नव्हे. तिसरीतील मुलगा वाचनात पहिलीच्या मुलांबरोबर आणि तोंडी हिशेबात चौथीच्या मुलांबरोबर बसला, तर अशा शाळेत ते कोणाच्या डोळ्यांतही येत नाही. मुंबईत १९९५ साली सुरू झालेल्या ‘प्रथम’ या संस्थेने हीच गोष्ट पद्धतशीर केली: दिवसातील काही वेळ इयत्ता बाजूला ठेवावयाची, ज्याला अक्षर येते तो एका गटात, ज्याला शब्द येतो तो दुसऱ्या, ज्याला उतारा वाचता येतो तो तिसऱ्या, आणि मूल पुढे सरकले की गट बदलावयाचा. अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांनी मुंबई व बडोदे येथे मागे पडलेल्या मुलांना वेगळा वेळ देण्याच्या प्रयोगाची काटेकोर तपासणी केली आणि मुलांची प्रगती झाल्याचे दाखविले. या दोघांस २०१९ चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले, त्यामागच्या कामात हेही एक होते. यातला शेवटचा नियम विसरू नये. गट बदलला नाही, तर तो गट राहत नाही, जात होते.

कायदा या बाबतीत आपल्या पुढे आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता अजमावून त्याला जरूर ते जादा शिक्षण देणे हे शिक्षकाचे कर्तव्य ठरविले. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात वाचन-लेखनाच्या विशिष्ट अडचणीची गणना झाली. अशा मुलांस परीक्षेत जादा वेळ, लेखनिक यांसारख्या सवलती आहेत. २०१३ पासून बालस्वास्थ्य कार्यक्रमात शाळाशाळांतून मुलांची तपासणी होते. पण कायदा कागदावर चालतो आणि गुरुजी पायी चालतात. शिक्षकाच्या डोक्यावर माहितीचे तक्ते, सर्वेक्षणे, निवडणुकीची कामे लादावयाची आणि मग त्याने तीस मुलांची तीस निरनिराळी नाडी ओळखावी अशी अपेक्षा धरावयाची, हा न्याय नव्हे. शिक्षकाला वेळ दिल्यावाचून मुलाला वेळ मिळणार नाही.

मग आपण नागरिकांनी काय करावे? आमच्या मते चार गोष्टी आपल्या हातातल्या आहेत. मूल मागे पडते असे दिसले की आधी त्याचे डोळे आणि कान तपासून घ्यावेत, मग त्याची बुद्धी. अक्षरांचा घोटाळा दुसरी-तिसरी ओलांडूनही सरत नसेल तर रागावण्याऐवजी जाणकाराकडे न्यावे. शाळा व्यवस्थापन समितीत कायद्याने तीनचतुर्थांश पालक असतात. त्या समितीच्या सभेत रंगरंगोटी आणि कुंपण यांच्याबरोबर एक साधा प्रश्न विचारावा की, चौथीतल्या किती मुलांना दुसरीचे पुस्तक वाचता येते, आणि ज्यांना येत नाही त्यांच्यासाठी रोजचा कोणता तास राखला आहे? शेवटची गोष्ट सर्वांत स्वस्त आणि सर्वांत अवघड: भावाभावांची, शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या मुलांची गुणांवरून तुलना थांबवावी. शिष्यवृत्तीच्या यादीत नाव आले तर पेढे जरूर वाटावेत. पण ज्याने यंदा प्रथमच एक पान न अडखळता वाचले, त्याच्यासाठीही घरात गूळ असावा.

शेतकऱ्याला हे सांगावयास नको. शिरूरच्या कोरडवाहू माळावरची बाजरी आणि दौंडच्या पाटाखालचा ऊस यांना तो एक पाणी, एक महिना आणि एक भाव लावीत नाही. बाजरी तीन महिन्यांत हाती येते, ऊस वर्षाहून अधिक घेतो. म्हणून कोणी उसाला ढ म्हणत नाही. पिकाला जी समज आपण दाखवितो, ती मुलाला दाखवावी, एवढेच आमचे मागणे आहे.